बीडीडी चाळींची शंभर वर्षे



आजरा, चंदगड, गडहिंग्लज, भुदरगड या बाजूची किती माणसे मुंबईच्या गिरण्यांनी पोसली, हे आपल्या जिल्ह्यात वेगळे सांगण्याची गरज नाही. आमच्या गल्लीतही असे एक चाचा होते. "मुंबईत कुठे राहत होता?" असे विचारले की एकच उत्तर, "बीडीडीत." बीडीडी हे एखाद्या गावाचे नाव असावे, असे मला लहानपणी वाटे. पुढे इतिहास शिकवू लागलो तेव्हा या तीन अक्षरांमागची हकीकत कळली.

ती सुरू होते प्लेगपासून. १८९६ साली मुंबईत प्लेग आला. दाट वस्त्या पाडून नवी घरे बांधावीत म्हणून सरकारने १८९८ साली इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन केला. आग्रीपाडा, परळ, इमामवाडा येथील बीआयटी चाळी या ट्रस्टच्याच. परळच्या अशाच एका चाळीत डॉ. बाबासाहेब आंबेडकर अनेक वर्षे राहिले आणि तिथेच त्यांनी अभ्यास केला. पण गिरणगाव वाढतच होते, घरे पुरेनात. तेव्हा १९२० साली गव्हर्नर सर जॉर्ज लॉईड यांनी बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट उघडले. त्याचीच आद्याक्षरे म्हणजे बीडीडी.

बेत मोठा होता. ५० हजार खोल्या बांधायच्या, आणि खर्चासाठी मुंबईत येणाऱ्या कापसाच्या गाठीमागे १ रुपया जकात घ्यायची. प्रत्यक्षात २०७ चाळी उभ्या राहिल्या. वरळीला १२१, नायगावला ४२, डिलाईल रोडला ३२ आणि शिवडीला १२. खोल्या झाल्या सुमारे साडेसोळा हजार, म्हणजे ठरल्याच्या एक तृतीयांश. लोखंडी सळ्या घातलेले काँक्रीट तेव्हा नवे होते. आजच्या तरुणांना चार मजले काहीच वाटणार नाहीत. परंतु मातीच्या घरातून गेलेल्या माणसाला ती केवढी उंची वाटली असेल! तळमजला धरून चार मजले, मध्ये लांबच लांब बोळ, मजल्यावर २० खोल्या, म्हणजे एका चाळीत ८० बिऱ्हाडे. नळ आणि संडास सामाईक.

एका खोलीचे क्षेत्रफळ १६० चौरस फूट. एकदा वर्गात बाके सरकवून खडूने १६ फूट लांब आणि १० फूट रुंद असा चौकोन मी जमिनीवर आखला. "आता यात चूल मांडा, मोरी काढा, आणि आठ माणसे झोपवा," असे मुलांना सांगितले. मुले हसली, मग कोण कुठे झोपणार यावरून भांडू लागली. तो तास चांगला झाला, असे मला अजून वाटते.

एवढे करूनही कामगार त्या घरांत जाईनात! भाडे परवडेना, वरळी तर गिरण्यांपासून लांब पडे, आणि खोल्यांत उजेड-वारा पुरेसा नव्हता. पुष्कळ खोल्या वर्षानुवर्षे रिकाम्या पडल्या. ज्यांच्यासाठी घर बांधायचे त्यांना कोणी विचारलेच नव्हते. १९३० साली कायदेभंगाच्या चळवळीत सत्याग्रहींना ठेवायला तुरुंग अपुरे पडले, तेव्हा सरकारने वरळीच्या चाळींचाच तात्पुरता तुरुंग केला. घर म्हणून बांधलेली इमारत तुरुंग म्हणूनही चालते, यावरून तिच्या बांधणीविषयी काय ते समजावे.

त्या चाळींना घरपण दिले ते गावाकडून आलेल्या माणसांनी. एका गावचे गडी मिळून एक खोली घेत. दिवसपाळीवाला कामावर गेला की रातपाळीवाला त्याच जागी वळकटी पसरी. भिंतीवर ज्याची त्याची खुंटी, खाली ज्याची त्याची ट्रंक. जेवण खानावळीत, महिन्याच्या हिशेबाने. खानावळ चालवणाऱ्या बायकाही बहुधा आपल्याच मुलखातल्या. घरच्या चुलीवर दोन वेळा कितीतरी जणांच्या भाकऱ्या त्या थापत. सावकाराच्या व्याजातून त्यांना सोडवण्यासाठी प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ काढले. गिरणगावच्या इतिहासात संपांवर पानेच्या पाने असतात, या बायकांवर मात्र चार ओळी.

१८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली गिरण्यांचा संप सुरू झाला आणि गिरणगाव हळूहळू मोडले. चाळी मात्र उभ्याच राहिल्या. सळ्या गंजल्या, छताचे पापुद्रे पडू लागले, तरी माणसे राहतच होती. वरळीच्या जांबोरी मैदानात पुनर्विकासाचे भूमिपूजन झाले ते २०१७ साली. १४ ऑगस्ट २०२५ रोजी वरळीतील ५५६ कुटुंबांना नव्या उंच इमारतीतील घरांच्या चाव्या मिळाल्या. प्रत्येक घर ५०० चौरस फुटांचे, जुन्या खोलीच्या तिप्पट.

ती बातमी वाचली तेव्हा मला आमच्या चाचांची आठवण झाली. त्यांच्या खोलीत अकरा जण राहत, आणि भाड्याची पावती एकाच्या नावाची होती. ते नाव चाचांचे नव्हते. संपानंतर ते ट्रंक आणि वळकटी घेऊन कोल्हापूरला परत आले. ती पत्र्याची ट्रंक त्यांच्या घरी अजून आहे. तिच्यावर पांढऱ्या रंगात त्यांचे नाव आणि खाली चाळीचा नंबर लिहिलेला आहे.