मुदत संपलेली फिल्म आणि मामाचा चेहरा

गेल्या महिन्यात मामाच्या कपाटात कलर फिल्मचा एक रोल सापडला. डबीवर मुदत छापली होती 2004 ची. मामा म्हणाला, "टाकून दे रे, मेलाय तो." मी अर्थातच टाकला नाही.

एक्स्पायर्ड फिल्मचं गणित साधं आहे. कलर फिल्ममध्ये निळा, हिरवा आणि लाल प्रकाश टिपणारे वेगळे थर असतात. वय झालं की ते सारख्याच वेगाने खराब होत नाहीत, त्यामुळे रंग एका बाजूला झुकतात. आपली उष्ण, दमट हवा तर त्यांची वैरीणच. फिल्म मंदही होते, म्हणून ढोबळ नियम असा, की दर दहा वर्षांमागे एक स्टॉप जास्त प्रकाश द्यायचा. माझा रोल 200 आयएसओचा, वीस वर्षं जुना. मी कॅमेऱ्यावर 50 लावलं.

36 पैकी 11 फोटो आले. जांभळट, दाणेदार, एकदम झकास! त्यातल्या एकात मामा-मामी ओट्यावर बसलेत. मामी गोरी, मामा सावळा. मामीचा चेहरा नीट दिसतो, मामाचे नुसते दात. सगळे हसले. मामाही हसला, पण मग म्हणाला, "लग्नाच्या अल्बममध्ये पण मी असाच आहे. तेव्हा तर रोल नवा होता."

हे काही डोक्यातून जाईना, म्हणून शोधायला बसलो.

1950 च्या दशकापासून कोडॅक लॅबना एक कार्ड देत असे. त्यावर एक गोरी बाई. पहिलीचं नाव शर्ली, म्हणून पुढच्या सगळ्याच 'शर्ली'. तिची कांती बरोबर दिसली की मशीन बरोबर लागलं! कॅनडाच्या अभ्यासक लॉर्ना रॉथ यांनी हा इतिहास खणून काढला. त्यातला मला सगळ्यात टोचलेला भाग सांगतो. गडद तपकिरी छटा नीट याव्यात म्हणून कंपनीकडे तक्रारी कुणी केल्या? चॉकलेटवाल्यांनी आणि लाकडी फर्निचरवाल्यांनी. खुर्चीचा रंग नीट येत नव्हता हो!

1980 च्या दशकात सुधारलेली फिल्म आली. तिची तारीफ कशी, तर मंद उजेडातल्या काळ्या घोड्याचे बारकावेही ती टिपते. घोड्याचे! दिग्दर्शक गोदार यांनी तर त्याआधीच, 1970 च्या दशकात मोझांबिकमध्ये काम करताना, ही फिल्म वंशवादी आहे म्हणून नाकारली होती, असं सांगतात.

2012 मध्ये ॲडम ब्रूमबर्ग आणि ऑलिव्हर चॅनरिन हे दोन फोटोग्राफर गॅबनला गेले. तिथल्या ब्विती दीक्षाविधींचे फोटो काढायचे होते. त्यांनी मुद्दाम कोडॅकची कित्येक दशकं मुदत संपलेली फिल्म नेली. कितीतरी रोल वापरले आणि हाती लागली एक फ्रेम. फक्त एक.

आधी मला हा स्टंट वाटला. जुनी फिल्म फसणारच की, त्यात सिद्ध काय झालं? खरं तर माझ्या फोटोतही निम्मा दोष माझाच, मी मीटर मामीच्या चेहऱ्यावर लावला होता. पण प्रदर्शनाला त्यांनी नाव दिलं त्याच काळ्या घोड्याच्या वाक्याचं. तिथे मी गप्प झालो.

कपाटात अजून एक रोल आहे, तोही 2004 चाच. या रविवारी मामाला एकट्याला ओट्यावर बसवतोय, मीटर त्याच्या चेहऱ्यावर. तो म्हणतो, दाढी करून येतो.