कसब, कागद आणि काम

करामात चार-सहा वर्षं काढलेल्या मराठी माणसाला दोन गोष्टींचं नवल वाटेनासं होतं. एक म्हणजे रस्त्याकडेच्या खांबांवर चिकटवलेल्या 'बेड स्पेस'च्या चिठ्ठ्या, आणि दुसरी म्हणजे टायपिंग सेंटरच्या बाकावर प्लॅस्टिकची फाईल छातीशी धरून बसलेली माणसं. त्या फाईलमध्ये दहावीचं गुणपत्रक असतं, आय.टी.आय.चा किंवा पदविकेचा दाखला असतं, आणि पाठीमागे आपल्या सरकारचे नि इथल्या वकिलातीचे शिक्के. ज्याची फाईल जाड त्याचा पगार जाड, असं आम्ही गमतीनं म्हणतो. 'करामा' या अरबी शब्दाचा अर्थ आहे प्रतिष्ठा. या वस्तीत माणसाची प्रतिष्ठा बऱ्याचदा त्या फाईलवर ठरते, ही गोष्ट मात्र गमतीची नाही.

मला इतिहासाची आवड असल्यामुळे मनात सारखा एक प्रश्न येतो. हातातलं कसब, त्याचा कागद आणि त्यावर मिळणारं काम, या तिघांची गाठ आपल्याकडे कोणी आणि कशी घातली? त्याचा मागोवा घेताना मी मुंबईच्या गिरणगावात जाऊन पोहोचलो.

मुंबईची पहिली कापड गिरणी कावसजी दावर यांची. तिचं काम १८५६ साली सुरू झालं. पुढच्या पन्नास वर्षांत गिरण्यांची रांगच उभी राहिली आणि रत्नागिरी, सातारा, पुणे जिल्ह्यांतून माणसं लोटली. या माणसांना नोकरी कोण देत असे? मालक नव्हे, साहेबही नव्हे. नोकरी देत असे जॉबर. तो गावाकडून माणसं आणायचा, त्यांना साच्यावर उभं करायचा, आणि त्याबद्दल दस्तुरी घ्यायचा. बायकांच्या खात्यात हेच काम नायकीण करी. काम शिकायचं ते भावाच्या किंवा गाववाल्याच्या शेजारी उभं राहून, बघून बघून. शाळा नाही, परीक्षा नाही, दाखला तर नाहीच. जॉबर गावचा म्हणून आधार वाटे. पण तोच रुसला तर दुसऱ्या दिवशी दारातून परत!

एखादं शहर आपल्या माणसांना कामाचं शिक्षण देण्याची व्यवस्था करत नाही, तेव्हा ती जागा रिकामी राहत नाही. तिथे जॉबर येऊन बसतो. आखातात आलेल्या आपल्यापैकी अनेकांना हा जॉबर 'एजंट' या नावानं भेटलेला आहे.

ही जागा भरण्याचा पहिला मोठा शहरव्यापी प्रयत्न म्हणजे व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट, आपली व्ही.जे.टी.आय. स्थापना १८८७ ची. लॉर्ड रिपन यांच्या स्मारकासाठी जमलेला निधी, सर दिनशॉ माणेकजी पेटिट यांचा मोठा हातभार, आणि जोडीला सरकार, नगरपालिका व गिरणीमालक यांची मदत, अशी सगळ्यांची मोट बांधून ही संस्था भायखळ्याला उभी राहिली. १९२३ मध्ये ती माटुंग्याला आली आणि १९९७ मध्ये तिला वीरमाता जिजाबाईंचं नाव मिळालं. त्या काळी गिरणीतले विणाई-कताईचे मास्तर लँकेशायरहून यायचे. ती जागा घेणारे इथले तरुण या संस्थेने घडवले. पण शिक्षण इंग्रजीतून होतं. साच्यावर दहा-दहा तास उभ्या राहणाऱ्या कोकणी गड्याला तिचं दार उघडणार कसं?

त्याच्यासाठी दुसरी माणसं पुढे झाली. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी १८५५ मध्येच पुण्यात कष्टकऱ्यांसाठी रात्रशाळा काढली होती. मुंबईत नारायण मल्हार जोशी यांनी १९११ मध्ये सोशल सर्व्हिस लीग स्थापन केली आणि कामगारवस्तीत रात्रीचे वर्ग नि वाचनालयं चालवली. पुण्यात रमाबाई रानडे यांनी १९०९ मध्ये सेवासदन सुरू केलं आणि ससून रुग्णालयाच्या साहाय्यानं मुलींना परिचारिकेचं शिक्षण मिळवून दिलं. या जोडणीकडे नीट पाहा. संस्थेनं घरोघर जाऊन घरच्यांचं मन वळवायचं, राहण्याची सोय करायची. सरकारी रुग्णालयानं शिकवायचं. आणि शिकून झाल्यावर शहरात काम तयार! विधवा मुलीला पांढरा गणवेश घालून रुग्णालयात पाठवणं त्या काळी किती अवघड असेल, याची कल्पनाच केलेली बरी. आज दुबईच्या रुग्णालयांतून काम करणाऱ्या मराठी परिचारिकांची ती पणजीच म्हणायची.

स्वातंत्र्यानंतर हा भार सरकारनं उचलला. १९५० मध्ये कारागीर प्रशिक्षण योजना आली आणि तिच्यातून आय.टी.आय. उभ्या राहिल्या. १९६१ च्या शिकाऊ उमेदवारी कायद्यानं कारखानदारांवर उमेदवार घेण्याची जबाबदारी टाकली. फिटर, टर्नर, वेल्डर, वायरमन हे शब्द मराठी घरांत रुळले ते तेव्हापासून.

मंडळी, इथेच आपली, म्हणजे आखाती मराठी माणसांची गोष्ट सुरू होते. १९७३ नंतर तेलाचे भाव चढले. दुबईत पोर्ट रशीद १९७२ मध्ये सुरू झालं होतं, १९७९ मध्ये जेबेल अली बंदर आलं, १९८३ मध्ये ड्राय डॉक्स सुरू झाली. या सगळ्याला हात हवे होते, आणि तेही शिकलेले. मुंबईत भरतीसाठी ट्रेड टेस्ट होऊ लागल्या. प्रत्यक्ष वेल्डिंग करून दाखवायचं, सांधा तपासला जायचा, मग निवड. दाखला होता त्याचं विमान लवकर सुटलं. १९८३ च्या एमिग्रेशन कायद्याखाली तर पासपोर्टचेही दोन वर्ग झाले. दहावी पास झालेल्याला आज कामासाठी इथे येताना सरकारी परवानगीचा वेगळा शिक्का लागत नाही. न झालेल्याला लागतो. एका इयत्तेचं अंतर विमानतळावर किती मोठं होतं पाहा!

त्याच सुमारास गिरणगावात नेमकं उलटं घडत होतं. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. तो संप रीतसर मिटलाच नाही. हजारो माणसं कायमची घरी बसली. या माणसांच्या हातात कसब नव्हतं का? वीस-वीस वर्षांचं होतं! पण ते त्या गिरणीच्या, त्या साच्याच्या बाहेर कुणी ओळखत नव्हतं. त्याचा कागद नव्हता. एकाच शहरातला, एकाच चाळीतला आय.टी.आय. झालेला मुलगा दुबईला पोहोचला, आणि बाप पानाच्या टपरीवर किंवा रखवालदाराच्या खुर्चीवर बसला. आपल्यापैकी काहींच्या घरची ही गोष्ट आहे.

यातून शहरं काही शिकली का? एक चांगलं उदाहरण पुण्याचं आहे. २०१३ च्या कंपनी कायद्यानं मोठ्या कंपन्यांना नफ्याचे दोन टक्के समाजकार्यावर खर्च करणं बंधनकारक केलं. त्यानंतर पुण्यातल्या काही उद्योगांनी एकत्र येऊन 'पुणे सिटी कनेक्ट' ही संस्था काढली. गणेश नटराजन हे त्यातलं ठळक नाव. एकेका कंपनीनं वेगवेगळा उपक्रम करून फोटो काढण्यापेक्षा सगळ्यांनी मिळून महापालिकेबरोबर काम करायचं, असं ठरलं. महापालिकेनं जागा द्यायची, कंपन्यांनी पैसा द्यायचा, संस्थेनं केंद्र चालवायचं. २०१६ मध्ये औंधला पहिलं 'लाईटहाऊस' सुरू झालं आणि पुढे शहराच्या इतर भागांत आणि पुण्याबाहेरही केंद्रं निघाली.

या केंद्रांची मला आवडलेली गोष्ट म्हणजे तिथे वस्तीतल्या मुलामुलींना आल्या आल्या एखाद्या कोर्समध्ये ढकलत नाहीत. सुरुवातीला स्वतःची ओळख, बोलण्याचं धाडस, थोडं इंग्रजी, थोडा संगणक. मग कल पाहून कामाचं शिक्षण, आणि शेवटी नोकरीपर्यंत सोबत. केंद्र वस्तीजवळ असल्यानं आईवडील मुलीला पाठवायला तयार होतात. शंभर वर्षांपूर्वी सेवासदनानं जे ओळखलं तेच हे. शिक्षण आणि काम यांच्यामध्ये घर नावाचा एक उंबरठा असतो, तो ओलांडायला कुणीतरी हात द्यावा लागतो.

आता आपण राहतो त्या देशाकडे वळू. इथे 'लोकल' म्हटलं की इमाराती नागरिक. त्यांच्या तंत्रशिक्षणासाठी १९८८ मध्ये हायर कॉलेजेस ऑफ टेक्नॉलॉजी सुरू झाली. २०२१ मध्ये 'नाफिस' योजना आली. पन्नास किंवा अधिक कर्मचारी असलेल्या खासगी कंपन्यांनी कुशल जागांवर दरवर्षी दोन टक्के इमाराती वाढवायचे आणि २०२६ अखेर दहा टक्क्यांपर्यंत न्यायचे, असा नियम झाला. आपल्या गप्पांत यावर कुरकुर ऐकू येते. पण भूमिपुत्रांना काम मिळावं ही मागणी आपणही महाराष्ट्रात १९६० च्या दशकापासून करत आलो आहोत! मुंबईत न्याय्य वाटणारी गोष्ट दुबईत अन्याय्य कशी होईल? फरक इतकाच की नुसत्या आरक्षणानं माणूस कामात टिकत नाही, आधी त्याला तयार करावं लागतं. नाफिसमध्ये पगाराला मदत आहे तसं प्रशिक्षणही आहे, हे लक्षात घ्यायला हवं.

आपल्यासाठीही एक दार उघडलं आहे. २७ मार्च २०२२ रोजी दुबईच्या एक्स्पोमध्ये तेव्हाचे केंद्रीय मंत्री अनुराग ठाकूर यांनी 'तेजस' हा उपक्रम जाहीर केला. इथल्या कामांसाठी भारतीयांना प्रशिक्षण आणि प्रमाणपत्र देऊन पहिल्या टप्प्यात दहा हजार जणांचं मनुष्यबळ तयार करायचं, हा त्याचा उद्देश. महाराष्ट्रात ऑक्टोबर २०२३ मध्ये ग्रामीण भागात ५११ प्रमोद महाजन कौशल्य विकास केंद्रं सुरू झाली. आणि २०१५ पासून केंद्राच्या कौशल्य योजनेत अशीही सोय आहे की अनुभवातून शिकलेल्या कारागिराची परीक्षा घेऊन त्याला प्रमाणपत्र द्यायचं. गिरणी कामगाराला जे मिळालं नाही, ते हेच!

आमच्या इमारतीत काही वर्षं संगमेश्वरकडचा एक सुतार राहत होता. घराण्यातच सुतारकी. सागाच्या फळीवर हात फिरवून ती कुठे उलणार ते सांगायचा. एका एजंटनं त्याच्याकडून भरपूर पैसे घेऊन त्याला हेल्परच्या व्हिसावर आणलं होतं. काम सुताराचं, पगार हेल्परचा. हाताला दाखला नव्हता, म्हणून तक्रारीलाही तोंड नव्हतं. गावी जाऊन परीक्षा देता येते, प्रमाणपत्र मिळतं, ही माहिती त्याला कुणी दिलीच नव्हती. त्यानं विचारायचं तरी कुणाला?

योजना सरकारी दप्तरात असतात आणि माणूस बेड स्पेसवर. मधलं अंतर कापणारा कुणीतरी लागतो. आपल्या मंडळात अभियंते आहेत, मनुष्यबळ विभागात काम करणारे आहेत, परिचारिका, हिशेबनीस, कंत्राटदार आहेत. गणेशोत्सवाला आपण किती छान एकत्र येतो! महिन्यातून एका रविवारी दोन तास याच मंडळींनी करामात एक टेबल मांडून बसावं. कुठला दाखला कुठे मिळतो, शिक्के कसे होतात, कुठल्या कामाला कुठली परीक्षा, नोकरीचा करार सही करण्याआधी कसा वाचायचा, एवढं सांगितलं तरी पुरे. त्याच वेळी आपल्या गावच्या आय.टी.आय.ला पत्र लिहून इथे कोणत्या कामांना मागणी आहे तेही कळवता येईल. यासाठी मोठा निधी लागत नाही, वेळ लागतो.

व्ही.जे.टी.आय. उभी राहिली ती देणग्यांवर, आणि रात्रशाळा चालल्या त्या दिवसभराच्या कामानंतर शिकवायला येणाऱ्या माणसांवर. यातलं पहिलं कदाचित आपल्या आवाक्याबाहेर असेल. दुसरं नक्कीच नाही. ज्यांना या टेबलावर बसायची इच्छा आहे त्यांनी कार्यकारिणीकडे नाव द्यावं. पहिलं नाव माझं लिहून घ्या.