भूकंप आणि परमेश्वराचा आवाज

अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात सॅन फ्रान्सिस्कोच्या उपसागराच्या पूर्वेस फ्रीमाँट नावाचे शहर आहे. १९५६ साली पाच लहान गावे एकत्र येऊन ते स्थापन झाले. आज तेथे भारतीय कुटुंबांची मोठी वस्ती असून मराठी बोलणारी घरेही पुष्कळ आहेत. या शहराच्या पोटातून, वस्तीच्या व बागांच्या खालून, जमिनीतील एक लांब भेग जाते. तिला हेवर्ड फॉल्ट म्हणतात. भेगेच्या दोन्ही बाजूंची जमीन वर्षाला काही मिलिमीटर एकमेकींस घासून सरकत असते, आणि तिच्यावरून जाणाऱ्या रस्त्यांच्या कडा हळूहळू वाकड्या होतात. अशा ठिकाणी वाढणारी मुले शाळेत भूगर्भशास्त्र शिकतात आणि शब्बाथच्या संध्याकाळी घरी किद्दूश ऐकतात. साहजिकच ती विचारतात, "भूकंप देव करतो की जमीन?" हा प्रश्न टाळण्यासारखा नाही. त्याला आपल्या इतिहासाने आणि आपल्या धर्मग्रंथांनी काय उत्तर दिले आहे, ते पाहू.

फ्रीमाँटच्या पाच जुन्या गावांपैकी मिशन सॅन होझे हे एक. १७९७ साली स्पॅनिश धर्मोपदेशकांनी तेथे ठाणे वसविले आणि १८०९ साली कच्च्या विटांचे, जाडजूड भिंतींचे देऊळ पुरे केले. बांधकामास हात लागले ते तेथील मूळ रहिवासी ओलोनी लोकांचे. २१ ऑक्टोबर १८६८ रोजी सकाळी आठच्या सुमारास हेवर्ड फॉल्ट हलली. सुमारे तीस माणसे दगावली आणि ते देऊळ कोसळले. पुढे १९०६ चा प्रलयंकारी धक्का बसेपर्यंत 'सॅन फ्रान्सिस्कोचा मोठा भूकंप' म्हणजे १८६८ चा, असेच लोक समजत. पडलेल्या देवळाच्या जागी लाकडी देऊळ उभे राहिले. मूळच्यासारखी इमारत पुन्हा बांधून झाली ती १९८५ साली, आणि या खेपेस भिंतींच्या आत पोलादाचा आधार देण्यात आला. देवाच्या घरासही पाया आणि आधार लागतो, हे तेथील भाविकांनी मान्य केले. त्यामुळे त्यांची भक्ती काही उणी झाली नाही.

शास्त्रज्ञांनी फ्रीमाँटच्या रेल्वे स्थानकाजवळील एका तळ्याच्या काठी चर खणले. गाळाचे थर कोठे तुटले, कोठे वाकले हे पाहून त्यांनी गेल्या सुमारे १९०० वर्षांतील बारा मोठ्या भूकंपांचा माग काढला. दोन भूकंपांमधील अंतर सरासरी दीडशे वर्षांच्या आसपास निघाले. १८६८ पासून दीडशेहून अधिक वर्षे लोटली आहेत. परंतु सरासरी म्हणजे तारीख नव्हे. पुढचा भूकंप कोणत्या दिवशी होईल हे आजही कोणी सांगू शकत नाही. धक्का सुरू झाल्यावर तो आपल्यापर्यंत पोहोचण्याआधी काही सेकंद इशारा देणारी यंत्रणा मात्र कॅलिफोर्नियात २०१९ पासून चालू आहे.

आता आपल्या मायदेशाकडे वळू. १५ जानेवारी १९३४ रोजी बिहार व नेपाळमध्ये भयंकर भूकंप झाला आणि हजारो माणसे मेली. महात्मा गांधींनी, हे अस्पृश्यतेच्या पापाचे फळ आहे, असे मत जाहीरपणे मांडले. रवींद्रनाथ टागोरांना अस्पृश्यतेचा तितकाच तिटकारा होता. तरीही त्यांनी या मताचा निषेध केला. सृष्टीतील घटनेला नीतीचे कारण चिकटविले तर लोकांची विचारशक्ती दुबळी होते, असा त्यांचा आशय होता. गांधीजींचा मोठेपणा असा की त्यांनी तो निषेध आपल्याच 'हरिजन' पत्रात छापला आणि खाली आपले उत्तर दिले. दोघेही ईश्वर मानणारे होते. तेव्हा हा वाद आस्तिक आणि नास्तिक यांच्यातील नव्हता. ईश्वराच्या नावावर काय घालावे आणि काय घालू नये, हा तो वाद होता.

या वादाचा निकाल लावण्यास महाराष्ट्रातील दोन भूकंप पुरेसे आहेत. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनानगर हादरले आणि पावणेदोनशेहून अधिक माणसे गेली. दख्खनचा कातळ अढळ, अशी त्यापूर्वी समजूत होती. मग शास्त्रज्ञांनी शोध घेतला. कोयना धरणाच्या शिवाजीसागरात १९६२ च्या सुमारास पाणी साठू लागले आणि त्यानंतर लहानमोठे धक्के वाढत गेले, असे नोंदींवरून दिसले. पाण्याचा भार आणि खोल कातळात मुरणारे पाणी यांनी आधीच ताणलेल्या भेगा सुटतात, हे आता जगभर मान्य झाले असून कोयना हे त्याचे ठळक उदाहरण गणले जाते. अलीकडे त्या भागात तीन किलोमीटर खोल विवर खणून अभ्यास चालू आहे. 'दैवी कोप' म्हणून लोक गप्प बसले असते, तर त्यात माणसाच्या हाताचाही वाटा होता हे कधीच कळले नसते.

दुसरा भूकंप किल्लारीचा. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे चारच्या सुमारास. गणेशविसर्जन आटोपून गावेच्या गावे झोपली होती. लातूर व उस्मानाबाद जिल्ह्यांत सुमारे दहा हजार माणसे मेली. ती अधार्मिक होती असे कोण म्हणेल? देवाचा उत्सव करूनच ती अंथरुणावर पडली होती. त्यांचा घात केला तो मातीत रचलेल्या दगडी भिंतींनी आणि डोक्यावरच्या धाब्याच्या जड मातीने. मिशन सॅन होझेच्या कच्च्या विटा आणि किल्लारीचे दगड यांनी एकच साक्ष दिली. भूकंप माणसाची श्रद्धा तपासत नाही, भिंत तपासतो.

मग परमेश्वर कोठे आहे? या प्रश्नाचे उत्तर बेने इस्राएलांनी दूर शोधायला नको. ज्या एलियाहू हन्नाबीच्या नावाने आपण नवस बोलतो, पोहे, खोबरे, साखर आणि फळे मांडून मलिदा करतो, ज्याच्या रथाच्या खुणा अलिबागजवळच्या खंडाळ्याच्या खडकावर आपले पूर्वज दाखवीत आले, त्याच्याच चरित्रात ते आहे. 'पहिले राजे' या ग्रंथाच्या एकोणिसाव्या अध्यायात एलियाहू होरेब पर्वतावर उभा आहे. डोंगर फोडणारा वारा येतो, मग भूकंप होतो, मग अग्नी येतो. ग्रंथ स्पष्ट सांगतो की या तिहींत परमेश्वर नव्हता. त्यानंतर एक हळुवार, सूक्ष्म आवाज येतो, आणि तो ऐकून संदेष्टा आपला चेहरा झाकतो. तो आवाज त्याला काय सांगतो? भूकंपाचे कारण नव्हे. तो विचारतो की तू येथे काय करीत आहेस, आणि त्याला परत जाऊन पुढच्या कामास लागण्याची आज्ञा देतो.

कोणी म्हणेल, मग भूकंपाशी ईश्वराचा काहीच संबंध नाही काय? मिश्नातील बेराखोथ भागात भूकंप, वीज, गडगडाट व वादळ यांच्या वेळी त्याच्या सामर्थ्याची बेराखा म्हणावी असे सांगितले आहे. म्हणजे सृष्टी त्याची आहे, तिचे नियमही त्याचेच आहेत. मात्र त्या बेराखेत कोणावर पापाचा आरोप नाही. त्याच अध्यायात आणखी एक मार्मिक नियम आहे. गावात आक्रोश ऐकून, 'तो माझ्या घरातला नसो', अशी जो प्रार्थना करतो त्याची प्रार्थना व्यर्थ होय, कारण जे घडून गेले ते प्रार्थनेने फिरत नाही. बाराव्या शतकातील रामबाम, ज्याची श्रद्धेची तेरा तत्त्वे आपण यिगदालमध्ये गातो, तो स्वतः वैद्य होता. परमेश्वराच्या सृष्टीचे निरीक्षण केल्यानेच त्याच्याविषयी प्रेम व भय उत्पन्न होते, असे त्याने शिकविले. जमीन खचणे, वीज पडणे ही संकटे जड पदार्थाच्या स्वभावातून येतात व विरळ असतात, आणि माणसाची बहुतेक दुःखे माणसानेच ओढवून घेतलेली असतात, असेही त्याने लिहून ठेवले आहे.

म्हणून शास्त्र शिकणारा मुलगा धर्मापासून दूर चालला, अशी भीती आईवडिलांनी बाळगू नये. तोराचे 'अनुवाद' हे पुस्तक उघडावे. बाविसाव्या अध्यायात आज्ञा आहे की नवे घर बांधशील तेव्हा गच्चीला कठडा कर, नाहीतर कोणी पडल्यास त्याच्या रक्ताचा दोष तुझ्या घरावर येईल. पडणाऱ्याच्या नशिबात पडणेच होते, अशी सबब तेथे चालत नाही. सपाट गच्चीच्या काळात कठडा होता. फ्रीमाँटमध्ये आज त्याच आज्ञेचा अर्थ असा की जुने लाकडी घर पायाला बोल्टने जखडावे, पाणी तापविण्याची टाकी व उंच कपाटे भिंतीला पट्ट्यांनी बांधावीत, पाणी व औषधे जवळ ठेवावीत, आणि शेजारी एकटी राहणारी वृद्ध माणसे कोण आहेत हे माहीत करून घ्यावे. इस्राएलमधील आपल्या बांधवांनाही हे लागू आहे. तेथेही मृत समुद्राच्या खोऱ्यातून अशीच भेग जाते आणि ११ जुलै १९२७ च्या धक्क्याने यरुशलेमपर्यंत हानी केली होती. शास्त्र भेग कोठे आहे ते दाखविते. कठडा बांधण्याची आज्ञा धर्म देतो. एकाचे काम दुसऱ्याने करू म्हटले तर दोन्ही बिघडतात.

आपला समाज स्वतःच एका नैसर्गिक आपत्तीतून वाचलेला आहे, असे आपली परंपरा सांगते. नवगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटले आणि सात पुरुष व सात स्त्रिया बचावल्या. पूर्वजांनी ही कथा पिढ्यान्‌पिढ्या सांगितली, पण बुडालेले कोणत्या पापामुळे बुडाले हे तीत कोठेही नाही. वाचलेल्यांनी मृतांना नवगावी मूठमाती दिली, तेल गाळण्याचा धंदा धरला, शनिवारी घाणा बंद ठेवला आणि ग्रंथ जवळ नसतानाही शेमा जपला, एवढेच तीत आहे. मुलांनी भूकंपाविषयी विचारले तर त्यांना प्रथम भूगर्भशास्त्र नीट शिकू द्यावे, मग होरेबवरील एलियाहूची गोष्ट सांगावी, आणि त्याच आठवड्यात मुलांना हाताशी घेऊन कपाटे भिंतीला बांधून टाकावीत.