नटाने शिकविलेले स्त्रीत्व

आमच्या बडोद्याच्या घरी माजघरात आजीचे एक जुने छायाचित्र होते. चापूनचोपून नेसलेली नऊवारी, अंबाड्यावर फुले, मान किंचित कललेली. ‘अगदी बालगंधर्वांची ढब!’ असे घरातील वडीलधाऱ्या बायका कौतुकाने म्हणत. स्त्रीने स्त्रीसारखे दिसण्यासाठी पुरुषाचा कित्ता गिरवावा, यातील नवल पुष्कळ वर्षे आमच्या ध्यानात आले नाही.

नारायण श्रीपाद राजहंस १९०५ साली किर्लोस्कर नाटक मंडळीत शकुंतला म्हणून उभे राहिले. पुढे ‘मानापमाना’तील भामिनी (१९११), ‘स्वयंवरा’तील रुक्मिणी (१९१६) आणि ‘एकच प्याला’मधील सिंधू या भूमिकांनी त्यांनी महाराष्ट्राला वेड लावले. ‘एकच प्याला’चा पहिला प्रयोग १९१९ साली आमच्या बडोद्यातच झाला. मद्यपी पतीचे सारे मुकाट्याने सोसणारी सिंधू पाहून प्रेक्षक रडले. ती लिहिली पुरुषाने, वठविलीही पुरुषाने; आदर्श म्हणून ती पुढे ठेवली गेली मात्र घरोघरच्या स्त्रियांपुढे.

त्याच काळात केवळ स्त्रियांच्या नाटक मंडळ्याही होत्या व त्यांत पुरुषांच्या भूमिका स्त्रियाच करीत. म्हणजे स्त्रीत्व काय किंवा पौरुष काय, दोन्ही अभ्यासाने अंगी आणता येतात, हे रंगभूमीने सिद्ध केले होते. तथापि, स्त्रीवेषातील पुरुषास मानाची शाल मिळे, तर रंगभूमीवर येणाऱ्या स्त्रीच्या वाट्यास कुत्सित नजरा येत. १९२०च्या दशकाच्या अखेरीस हिराबाई बडोदेकरांनी आपल्या नाटक मंडळीत स्त्रियांची कामे स्त्रियांना दिली, त्यामागील धैर्य यावरून कळावे.

आजीचा गळा गोड होता. रुक्मिणीची पदे तिला मुखोद्गत होती. पण ती म्हणे देवघरात, दार लोटून. बाहेर बैठकीत त्याच पदांच्या ध्वनिमुद्रिका लावून आजोबा मित्रांसह माना डोलवीत. बालगंधर्वांच्या कलेविषयी आमच्या मनातील आदर तिळमात्र उणावलेला नाही. दोष त्यांचा नव्हेच. बैठकीत बसलेल्या आम्हा रसिकांचा होता. पुरुषाच्या कंठातील स्त्रीत्वाला आम्ही दाद दिली आणि घरातल्या स्त्रीचा कंठ ऐकावयाचे राहून गेले.

ते छायाचित्र आजही आमच्यापाशी आहे. आजीचा आवाज मात्र कोठेही मुद्रित नाही.