मेव्हण्याच्या नावाचे ट्रक

आजोबा भातखंड्यांच्या मॅरिस कॉलेजात गाणं शिकायला लखनौला आले आणि एका ट्रान्सपोर्टवाल्याच्या पेढीवर मुनीम होऊन बसले. जानकीपुरममध्ये घर बांधलं तेव्हा बांद्याकडून मौरंग, म्हणजे जाड लाल वाळू, आणणाऱ्या ट्रककडे एकदा बघून त्यांनी सांगितलं, "पाच टन जास्त आहे."

त्यांच्या गोष्टी १५ मे १९४७ पासून सुरू होत. त्या दिवशी लखनौ-बाराबंकी मार्गावर सरकारी रोडवेजची बस धावली. पुढे खासगी मोटारमालक कोर्टात गेले. सगीर अहमद खटल्यात १९५४ मध्ये सुप्रीम कोर्टात जिंकलेही. रस्ता जनतेचा, त्यावर गाडी चालवून पोट भरण्याचा हक्क नागरिकाचा, नियमन सरकारचं. "हक्क सगळ्यांनी पाठ केला," आजोबा म्हणत, "पुढचं वाक्य कुणी वाचलंच नाही."

नवी गाडी आली की मालक ती आधी मिस्त्रीकडे धाडी. कमानीत दोन पाटे वाढवायचे, हौद्याच्या फळ्या हातभर उंच करायच्या. बिल्टीवर नऊ टन, हौद्यात चौदा. पासिंगच्या दिवशी फळ्या उतरत, दुसऱ्या गाडीचे चांगले टायर चढत आणि संध्याकाळी ज्याचे त्याला परत जात. वहीत डिझेलशेजारी 'एंट्री' असा रकाना होता. कुणाला दिले, हे मुनिमाने विचारायचं नसे.

१९६१च्या कायद्याने ड्रायव्हरला दिवसाचे आठ तास ठरवून दिले, पण पाच किंवा जास्त कामगार असतील तिथेच. मालकाने गाड्या बायको, मेव्हणा, भाचा यांच्या नावांवर वाटून टाकल्या. कागदावर कंपनी उरलीच नाही! एकदा सिधौलीजवळ त्यांची बंद पडलेली गाडी रात्री दिव्याविना उभी होती. एक सायकलवाला मागून धडकून गेला. खटला ड्रायव्हरवर चालला. मालकाला साक्षीलाही बोलावलं नाही.

नंतर कायदे कडक झाले. जादा वजन पैसे घेऊन सोडण्याच्या राज्यांच्या योजना सुप्रीम कोर्टाने २००५ मध्ये बंद केल्या. २०१९ पासून ओव्हरलोडला वीस हजार दंड, वर प्रत्येक जादा टनाला दोन हजार. मला मात्र महत्त्वाचा वाटतो तो २००७ चा माल वाहतूक कायदा, कारण त्यात जबाबदारी पेढीवर येते आणि पेढीची नोंदणीच रद्द होऊ शकते. चालानाचे किस्से ट्रान्सपोर्ट नगरात चहाच्या प्रत्येक टपरीवर ऐकू येतात. नोंदणी गेलेला मालक मला अजून भेटायचा आहे.

अमेरिकेत ट्रकच्या दारावर कंपनीचा सरकारी नंबर असतो. तो टाकला की कंपनीच्या साऱ्या गाड्यांच्या तपासण्या आणि अपघात कुणालाही दिसतात. केंद्रीय खातं अख्ख्या कंपनीला रस्त्यावरून हटवू शकतं. आपल्याकडे गाडीचा नंबर टाकून त्या एका गाडीचा फिटनेस, विमा कळतो. दारावर मालकाचं नावही रंगवलेलं असतं. आजोबांच्या मालकाच्या सात गाड्यांवर ते मेव्हण्याचं होतं.