डिझेल गाडी घाटात गचके का खाते? गॅरेजमध्ये मोठा खर्च करण्याआधी काय तपासायचं?

खोपोली सोडली की बोरघाटाची चढण लागते. लोणावळा समुद्रसपाटीपासून सुमारे ६२० मीटर उंचीवर आहे, तर खोपोली शंभर मीटरच्याही खाली. सपाट रस्त्यावर ठीक वाटणारी डिझेल गाडी इथे पिकअप घेईनाशी होते, मध्येच गचका खाते किंवा ॲक्सिलेटर दाबल्यावर क्षणभराने एकदम पुढे झेपावते. ओव्हरटेक करताना असं झालं तर ते जिवावर बेतू शकतं. घाबरून थेट इंजेक्टर किंवा टर्बो बदलले, तर मोठा खर्च होऊनही दोष तसाच राहण्याची शक्यता असते.

ॲक्सिलेटर दाबल्यावर नेमकं काय होतं?

पेट्रोल गाडीत ॲक्सिलेटर मुख्यतः इंजिनात जाणारी हवा कमीजास्त करतो. डिझेल गाडीत ताकद ठरते ती डिझेलच्या प्रमाणावर. आजच्या कॉमन रेल इंजिनात पेडलखालचा सेन्सर ईसीयूला, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरला, पाय किती दाबला ते कळवतो. हवा, टर्बोचा दाब आणि रेलमधला डिझेलचा दाब पाहून ईसीयू डिझेल किती सोडायचं ते ठरवतो. या साखळीतली एक कडी जरी चुकली तरी पिकअप बिघडतो.

आधी लक्षण नीट पाहा

• फक्त चढावर, जास्त लोड असताना ताकद कमी पडते: डिझेल फिल्टर, टर्बोचे पाईप.
• कमी वेगात अडखळते आणि काळा धूर येतो: ईजीआर व्हॉल्व्ह, हवेची गळती.
• आयडलिंगलाही इंजिन थरथरते: इंजेक्टर.
• ठरावीक वेगापुढे जातच नाही आणि इंजिनचा दिवा लागतो: गाडी ‘लिम्प मोड’मध्ये गेली आहे. मोठं नुकसान टाळण्यासाठी ईसीयूने ताकद मुद्दाम कमी केली आहे.

गाडी थंड असताना त्रास होतो की गरम झाल्यावर, डिझेल भरल्यानंतर सुरू झाला की पावसानंतर, हेही मेकॅनिकला सांगावं. मेकॅनिकला सोबत घेऊन घाटात चक्कर मारणं उत्तम.

स्कॅनरचा कोड म्हणजे निकाल नव्हे

स्कॅनर लावल्यावर ‘पी-०२९९’ कोड दिसला तर टर्बोचा दाब कमी आहे, एवढाच त्याचा अर्थ. टर्बो खराब आहे, असं तो सांगत नाही. इंटरकूलरचा पाईप फाटला किंवा क्लॅम्प सैल झाला तरी हाच कोड येतो. ‘पी-००८७’ म्हणजे रेलमध्ये डिझेलचा दाब कमी. त्यामागे तुंबलेला फिल्टरही असू शकतो. कोड पुसण्याआधी त्याचा फोटो काढून ठेवावा.

स्वस्तापासून महागाकडे

१. एअर फिल्टर: कच्च्या रस्त्यांची धूळ आणि पावसाळ्यातला ओलावा यामुळे तो लवकर तुंबतो.

२. डिझेल फिल्टर: बहुतेक फिल्टरच्या तळाशी पाणी साचतं. ते वेळोवेळी काढावं लागतं. डिझेलमध्ये पाणी गेलं तर गाडी गचके खाते आणि महागडे इंजेक्टरही खराब होतात.

३. टर्बो आणि इंटरकूलरचे पाईप: ॲक्सिलेटर दाबल्यावर शिट्टीसारखा आवाज येणं किंवा जोडाजवळ तेलकट काजळी दिसणं ही गळतीची खूण.

४. वायरिंग: शेताजवळ किंवा फार्महाऊसवर उभ्या राहणाऱ्या गाडीच्या वायरी आणि रबरी नळ्या उंदीर कुरतडतात.

५. एअरफ्लो सेन्सर, ईजीआर आणि पेडल सेन्सर: सेन्सर मळला किंवा ईजीआरमध्ये काजळी साचली तर हवेचा हिशेब चुकतो. पेडल सेन्सर दोन सिग्नल पाठवतो. ते जुळेनासे झाले की गाडी प्रतिसाद देत नाही.

६. इंजेक्टर: बदलण्याआधी ‘लीक-बॅक टेस्ट’ करून घ्यावी. प्रत्येक इंजेक्टरमधून परत येणारं डिझेल वेगळ्या बाटलीत घेतात. एका बाटलीत इतरांपेक्षा बरंच जास्त डिझेल जमलं, तर संशय त्या इंजेक्टरवर.

कर्जतमधल्या छोट्या फेऱ्या आणि डीपीएफ

१ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या बीएस-६ नियमांनंतरच्या डिझेल गाड्यांत डीपीएफ म्हणजे काजळी अडवणारा फिल्टर असतो. ही काजळी जाळायला इंजिन बराच वेळ सलग गरम राहावं लागतं. कर्जत बाजार, स्टेशन, नेरळ अशा छोट्या फेऱ्यांमध्ये ते जमत नाही आणि ताकद कमी होते. डीपीएफचा दिवा लागला तर कंपनीच्या पुस्तिकेप्रमाणे गाडी काही वेळ न थांबता चालवावी. खालापूरजवळून जाणारा एक्सप्रेसवे त्यासाठी सोयीचा. पण इंजिनचा दिवाही लागला असेल किंवा लाल इशारा दिसत असेल, तर आधी गॅरेज.

हे मात्र करू नका

इंजिन चालू असताना डिझेलचा हाय-प्रेशर पाईप कधीही सैल करू नये. रेलमधला दाब १,६०० बारच्याही वर जाऊ शकतो. त्यातून उडालेली बारीक धार कातडी भेदून आत शिरते. असं झालं तर जखम लहान दिसली तरी लगेच रुग्णालय गाठावं.

घाटात ताकद गेली तर हॅझर्ड दिवे लावून डावीकडे यावं आणि सुरक्षित जागी थांबावं. उतारावर इंजिन बंद करू नये. ब्रेकला मिळणारी मदत संपते आणि स्टिअरिंगही जड होतं.