नाव वरवरचे, शीर खोल

जांघेत बोटाला नाडी लागते ती फिमोरल धमनीची. तिच्या आतल्या बाजूला फिमोरल शीर असते; पायातले रक्त ती वर हृदयाकडे नेते. जांघेच्या थोडे खाली मांडीच्या स्नायूंतून आलेली 'डीप फिमोरल' शीर तिला मिळते. या दोघींत गल्लत नको म्हणून मुख्य शिरेच्या मांडीतल्या भागाला 'सुपरफिशियल फिमोरल' म्हणू लागले. घोटाळा इथेच झाला. सुपरफिशियल म्हणजे वरवरची, आणि ही शीर तर चांगली खोल आहे! कातडीखालची खरी वरवरची शीर वेगळीच, ग्रेट सॅफेनस. व्हेरिकोज व्हेन्स होतात त्या बहुधा तिच्या.

१९९५ साली अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात डॉक्टरांची एक पाहणी छापून आली. या शिरेत गुठळी असल्याचे सांगूनही बऱ्याच जणांनी रक्त पातळ करणारे औषध दिले नसते. नावाने फसवले होते. अशी गुठळी सुटून फुप्फुसात गेली तर जीव जाऊ शकतो.

२००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय नामावलीत नुसते 'फिमोरल व्हेन' हेच नाव ठेवले. सवय मात्र जात नाही. तुमच्या सोनोग्राफीच्या रिपोर्टमध्ये जुने नाव आणि पुढे 'थ्रॉम्बोसिस' दिसले, तर पाय फारसा दुखत नसला तरी त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.